निमगोरी

मराठी विवाहविषयक जाहिरातींत ‘गोरी’ आणि ‘सावळी’ यांच्या मधोमध ‘निमगोरी’ व ‘गहूवर्णी’ ही विशेषणे रुळलेली आहेत, आणि उच्चशिक्षित मुलीलाही या श्रेणीत आपली जागा सांगावी लागते, ही गोष्ट खरोखर क्लेशदायक आहे. वास्तविक त्वचेचा रंग मुख्यतः मेलॅनिनवर, म्हणजे सूर्याच्या अतिनील किरणांपासून शरीराचे रक्षण करणाऱ्या रंगद्रव्यावर ठरतो. तेव्हा ज्याला उणीव मानले जाते, ते मुळात शरीराचे कवच आहे.

हा न्यूनगंड प्रसाधन उद्योगाने निर्माण केला नाही, तो घराघरांत आधीपासून होता. मात्र १९७५ मध्ये ‘फेअर अँड लव्हली’ ही गोरेपणाची क्रीम बाजारात आली आणि त्यावरचा उतारा नळीत भरून विकला जाऊ लागला, तर रंग उजळताच नोकरी आणि स्थळ दोन्ही मिळतात, ही कथा जाहिरातींनी वर्षानुवर्षे सांगितली. २०२० मध्ये नावातील ‘फेअर’ जाऊन ‘ग्लो’ आले. याहून गंभीर प्रकार स्टेरॉइडयुक्त मलमांचा आहे: दाह शमवणारी ही औषधे गोरेपणासाठी वैद्यकीय सल्ल्याविना महिनोन्महिने लावली जातात, त्यांनी त्वचा पातळ होते, आणि ती थांबवताच चेहऱ्याची आग होऊ लागल्याने सोडवतही नाहीत.

पंढरीच्या सावळ्या विठ्ठलाला ज्या समाजाने शतकानुशतके डोळे भरून पाहिले, त्याच समाजात तान्ह्या मुलीच्या अंगाला डाळीचे पीठ आणि साय चोळताना तिचा रंग उजळेल ना, ही चिंता आजही वाहिली जाते.