ट्रेलर बघावा खालून

ऑस्ट्रेलियात सुट्टीला निघालेल्या कुटुंबाच्या गाडीमागे कॅम्पर ट्रेलर दिसणं ही रोजचीच गोष्ट. लोखंडी सांगाडा, दोन चाकं, वर घडी केलेला कॅनव्हासचा तंबू आणि मागून ओढून काढायचं स्वयंपाकघर. डांबरी रस्त्यावर कुठलाही ट्रेलर दणकटच वाटतो. खरी परीक्षा पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या किंबर्ली भागात, गिब रिव्हर रोडवर. डर्बीहून कुनुनुराच्या दिशेने जाणारा हा साधारण ६६० किलोमीटरचा रस्ता मुळात गुरं वाहणाऱ्या ट्रकसाठी काढलेला. त्याचा बराच भाग अजून कच्चा आहे आणि पन्हाळी पत्र्यावरून गाडी हाकावी तसा तो हाडं खिळखिळी करतो.

रस्त्यावरच्या या लाटा ग्रेडर फिरवून मोडल्या तरी पुन्हा उठतात. टोरांटो विद्यापीठाचे स्टीफन मॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ साली गोल फिरणाऱ्या वाळूच्या थरावर चाक चालवून दाखवलं, की ठरावीक वेग ओलांडला की लाटा आपोआप तयार होतात. चाकाला स्प्रिंग असो वा नसो. दिवसभरात ट्रेलरच्या एकेका सांध्याला असे हजारो हिसके बसतात. एका हिसक्याने काही मोडत नाही. लोखंड थकतं, मग मोडतं.

ताई-भाऊजींबरोबर हा रस्ता केला तेव्हा हे मला जवळून बघायला मिळालं. भाऊजींची सगळी नोकरी पिंपरीला वेल्डिंग तपासण्यात गेलेली. पर्थमध्ये ट्रेलर घ्यायला गेलो तेव्हा ताई ओटा, ड्रॉवर, गादी बघत होती आणि भाऊजी टॉर्च घेऊन थेट खाली आडवे. विक्रेत्याला हे गिऱ्हाईक नवीन असावं. "वर काय बघायचंय? सगळं खाली आहे," एवढंच खालून ऐकू आलं.

नवे चकचकीत सोडून त्यांनी एक जुना निवडला. त्याची अख्खी चासी सुमारे ४५० अंशांच्या वितळलेल्या जस्तात बुडवून काढलेली होती. त्यामुळे चौकोनी पाइपाच्या आतही जस्त बसतं. नुसता रंग मारलेला पाइप आतून गंजत जातो, आणि गंज बाहेर दिसेपर्यंत वेळ गेलेली असते. शिवाय ट्रेलरची चाकं आमच्या गाडीच्याच मापाची होती, म्हणजे स्टेपनी दोघांना चालणार. कॅनव्हास मात्र नवा शिवून घेतला. सुती मिश्रणाचा कॅनव्हास आधी भिजवून वाळवावा लागतो. धागे फुगतात आणि शिलाईची भोकं बुजतात. पहिल्यांदा पाइपने पाणी मारलं तेव्हा शिवणीतून थेंब टपकत होते, नंतर ते थांबले.

आमच्यासोबत आणखी एक मराठी कुटुंब होतं. त्यांचा ट्रेलर कोरा, चहूबाजूंनी जाड चेकर प्लेट, बघताक्षणी रणगाडाच. जाड पत्रा म्हणजे मजबुती हा समज अगदी पक्का आहे, पण पत्रा वजन वाढवतो आणि ते वजन शेवटी सांध्यांवरच येतं. तिथल्या कायद्यालाही वजनाचंच भान आहे: ट्रेलर २,००० किलोंच्या वर गेला की सगळ्या चाकांना ब्रेक हवेत, आणि जोड सुटला तर आपोआप लागणारे हवेत.

एका मुक्कामी भाऊजींचा टॉर्च त्या कुटुंबाच्या ट्रेलरखाली थांबला. ओढदांडा चासीला जिथे जोडलेला, तिथे वेल्डिंग संपतं त्या टोकाशी केसाएवढी रेघ होती. बोटाने धूळ पुसली तरी रेघ जाईना. वेल्डिंगच्या तापाने शेजारच्या लोखंडाचा पोत बदलतो, त्यात टोकाशी ताण एकवटतो. चीर बहुधा तिथूनच सुरू होते. पुढच्या गॅरेजच्या मेकॅनिकने चीर आधी घासून काढली, भरली आणि वर शंकरपाळ्याच्या आकाराची पट्टी वेल्ड केली. चौकोनी का नाही, असं मी विचारलं. आडव्या, सरळ वेल्डने पाइप पुन्हा त्याच रेषेत तडकतो, तिरक्या कडांनी ताण विभागला जातो, असं त्याचं उत्तर. भाऊजींनी मान डोलावली. त्यांच्याकडून ही मोठीच दाद.

त्यानंतर दोन्ही गाड्यांच्या टायरची हवा कमी केली आणि वेग उतरवला. शॉकअपमधलं तेल तापून पातळ झालं की ते काम करेनासे होतात, म्हणून मध्ये मध्ये थांबून ते गार होऊ दिले.

आमची चासी शाबूत राहिली. ओट्याखालचा ड्रॉवर मात्र रिव्हेट तुटून निखळला, शीतपेयांचे डबे एकमेकांवर घासून भोकं पडली आणि पोह्यांत कोला मिसळला. "खालचं बघून झालं असेल, तर जरा वर या," ताई म्हणाली. पर्थला परतल्यावर भाऊजींनी सगळे रिव्हेट काढून नायलॉनची कडी असलेले नट लावले. हादऱ्यांनी ते सहजी सैल होत नाहीत.