अर्धवटरावांचं आरमार



आमच्या माळ्यावर एक पत्र्याची ट्रंक आहे. ती उघडलीत तर काय सापडेल, सांगू? मान मोडलेले सतरा मातीचे मावळे. निळे डगले घातलेले अकरा फ्रेंच शिपाई आणि त्यांचेच एकोणचाळीस बिनरंगाचे भाऊबंद. थर्माकोलच्या चार युद्धनौका. आणि तळाशी, बुटाच्या खोक्यात, आठ छोटी गलबतं. घरात मला सगळे 'अर्धवटराव' का म्हणायचे, ते कळलं ना?

सुरुवात झाली दिवाळीच्या किल्ल्यापासून. तुमच्यापैकी पुष्कळजण किल्ला करत असालच. दगडविटांवर गोणपाट, त्यावर चिखलाचा लेप, त्यात अळीव पेरायचे आणि मग कुंभारवाड्यातून 'चित्रं' आणायची. आमच्या किल्ल्यावर मावळा दरवाजापेक्षा उंच असायचा आणि वाघ बुरुजाएवढा! त्याचं कुणाला काही वाटत नसे. मला मात्र एक गोष्ट खटकायची. हे मावळे नुसते उभेच! लढाई कधी होणार? मग मी सापशिडीचा फासा घेतला आणि नियम केला: सहा पडले तर मावळा एक वीत पुढे. झाली की लढाई सुरू!

मला वाटलं, केवढा मोठा शोध लावला आपण! पण कसलं काय! पुढे ग्रंथालयात कळलं, की प्रशियाच्या सैन्यातल्या राइसविट्झ नावाच्या अधिकाऱ्याने १८२४ सालीच नकाशा, ठोकळे आणि फासे घेऊन युद्धाचा खेळ बसवला होता. तिथले अधिकारी तो खेळून डावपेच शिकत. आणि १९१३ मध्ये एच. जी. वेल्स या प्रसिद्ध इंग्रज लेखकाने खेळण्यातल्या शिपायांच्या लढाईवर चक्क एक पुस्तक लिहिलं, 'लिट्ल वॉर्स'. त्यात स्प्रिंगच्या छोट्या तोफेने लाकडी गोळे मारून शिपाई पाडायचे. गंमत म्हणजे त्याच पुस्तकात वेल्सने बजावलंय, की हा खेळ खेळून पाहा, म्हणजे खरं युद्ध केवढा मूर्खपणा आहे ते समजेल. पुढच्याच वर्षी पहिलं महायुद्ध सुरू झालं!

मग मला नेपोलियनने पछाडलं. प्लॅस्टिकचे पन्नास शिपाई मिळवले आणि शून्य नंबरच्या ब्रशाने रंगवायला बसलो. पण त्या काळच्या गणवेशाला बटणं किती, पट्टे किती! अकरावा शिपाई संपेपर्यंत माझा उत्साह संपला. वॉटर्लूची लढाई काही झाली नाही.

कारण तेवढ्यात जहाजं आली होती ना! जहाजांचं बरं असतं. एकेक शिपाई रंगवावा लागत नाही, घरातली फरशी हाच समुद्र. फ्रेड जेन या इंग्रजाने १८९८ च्या सुमारास असाच एक खेळ काढला होता. शत्रूच्या जहाजाच्या चित्रावर टाचणी लावलेली पट्टी मारायची, जिथे भोक पडेल तिथे गोळा लागला! जगातल्या युद्धनौकांची माहिती देणारं त्याचं पुस्तक याच खेळाच्या जोडीने निघालं आणि पुढे खऱ्या आरमारांतले अधिकारीही ते वापरू लागले. अमेरिकेत फ्लेचर प्रॅट नावाच्या लेखकाने आणखी मजेदार युक्ती काढली. जमिनीवर ओणवं व्हायचं, शत्रूचं जहाज किती इंच लांब आहे ते नुसत्या नजरेने ताडून कागदावर लिहायचं, मग टेपने मोजायचं. अंदाज बरोबर तर गोळा लागला. जहाजाला सुरुवातीला गुण दिलेले. गोळे लागतील तसे गुण कमी, वेग कमी, तोफाही कमी.

हा खेळ मी आणि माझा धाकटा भाऊ रोज खेळायचो. १३ डिसेंबर १९३९ ची प्लेट नदीच्या मुखाजवळची लढाई आमची आवडती. जर्मनांची 'ग्राफ श्पे' माझी, अकरा इंची सहा तोफांची. भावाकडे तीन लहान ब्रिटिश क्रूझर. खऱ्या लढाईत ब्रिटिशांनी केलं तेच त्यानेही केलं. एक क्रूझर एका बाजूने आणि दोन दुसऱ्या बाजूने आणल्या. मी कुणाकडे तोफा वळवणार? हरलो! एवढासा पोरगा, पण नजरेचा अंदाज असा पक्का, की टेप मोजताना मला घाम फुटायचा.

अशाच एका दुपारी मात्र मी जिंकलो. त्याची 'एक्झिटर' बुडवली, 'शून्य गुण!' असं ओरडलो आणि पायानेच ती कपाटाखाली सरकवली. दारात शेजारचे काका उभे होते. ते नौदलातून निवृत्त झालेले, मूळचे अलिबागजवळच्या थळचे.

"काय रे, किती माणसं होती तिच्यावर?" त्यांनी विचारलं.

"माणसं नाही काका, गुण. शून्य झाले."

काका जरा वेळ गप्प राहिले. मग आमच्याजवळ फरशीवर मांडी घालून बसले आणि 'आयएनएस खुकरी'बद्दल बोलू लागले. ९ डिसेंबर १९७१ च्या रात्री दीवजवळच्या समुद्रात पाकिस्तानच्या 'हंगोर' पाणबुडीने ती बुडवली. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला जहाज सोडून गेले नाहीत, ते जहाजाबरोबरच गेले. "त्यातला एक माझ्या बॅचचा होता," काका म्हणाले. "फार छान शिटी वाजवायचा."

मला वाटलं, आता खेळ बंद करायला लावणार. पण नाही! दुसऱ्या दिवशी काकाच आले. म्हणाले, "खेळा. पण प्रत्येक जहाजाच्या खाली एक चिठ्ठी चिकटवा, त्यावर किती माणसं आहेत ते लिहा. बुडालं, की आधी चिठ्ठी मोठ्याने वाचायची." तुम्हाला खरं सांगतो, त्यानंतर आमचा खेळच बदलला. तडाखेबंद जहाजं पळ काढायला शिकली!

पुढे मी वाचलं, की अशा खेळाने माणसं वाचलीही आहेत. १९४२ मध्ये लिव्हरपूलला गिल्बर्ट रॉबर्ट्स नावाचा नौदल अधिकारी आणि त्याच्या हाताखालच्या तरुण मुली जमिनीवर खडूने समुद्र आखून हाच खेळ खेळत होत्या. जर्मन पाणबुड्या मालवाहू जहाजांच्या ताफ्यात शिरतात कुठून, ते त्यांनी खेळून शोधलं आणि तोडगा काढला. मोठमोठे कप्तान त्या मुलींकडे शिकायला येत.

काकांना हे सांगितलं तेव्हा ते खूश झाले. म्हणाले, "मग आता आपल्या खांदेरीची लढाई बसव की! आमच्या थळच्या किनाऱ्यावरून समोर दिसते." शिवाजी महाराजांनी १६७९ मध्ये खांदेरी बेटावर किल्ला बांधायला घेतला आणि मुंबईचे इंग्रज आडवे आले. १८ ऑक्टोबरला दौलतखानाची ४० हून जास्त गलबतं इंग्रजांच्या ताफ्यावर चालून गेली. इंग्रजांचं 'डव्ह' हाती लागलं, 'रिव्हेंज' मात्र केग्विनने झुंजवलं. पुढे १६८० मध्ये तह झाला आणि खांदेरी महाराजांकडेच राहिली.

भूगोलातले खारे वारे आणि मतलई वारे मला खरे समजले ते तेव्हा. पहाटे जमिनीकडून वाहतो तो मतलई. वारा पडला की शिडाची मोठी जहाजं जागच्या जागी, वल्ह्यांची गलबतं मात्र सुसाट! काका सांगत गेले, मी नियम लिहीत गेलो. एकवीस गलबतं करायची ठरली. आठ झाली.

आणि मग मला विमानांचं वेड लागलं.

काका जिन्यात भेटले की विचारायचे, "काय ॲडमिरल, खांदेरी कुठवर आली?" मी म्हणायचो, "पुढच्या रविवारी, काका." असे किती रविवार गेले! पावसाळ्यात काका आजारी पडले, आणि श्रावणात गेले. विमानंही अर्धीच राहिली, ते वेगळं सांगायला नको.

मित्रांनो, छंद बदलतात. बदलू देत. मला त्याचं वाईट वाटत नाही. अर्ध्या किल्ल्याने मला इतिहास दिला, अकरा शिपायांनी ब्रश धरायला शिकवलं, फरशीवरच्या समुद्राने धाकट्या भावाची किंमत कळली. आईबाबांनो, मुलांच्या अर्धवट वस्तू पाहून लगेच रागावू नका. पण एक लक्षात ठेवा, दोस्तांनो. दहा खेळ अर्धे सोडा, हवं तर. ज्या खेळाची कुणी वाट बघतंय, तो मात्र आधी पुरा करा.

गेल्या दिवाळीत ती ट्रंक माझ्या मुलीने उघडली. तिने बुटाचं खोकं बाहेर काढलं आणि विचारलं, "बाबा, ही आठच का?" त्या रात्री आम्ही दोघांनी नववं गलबत केलं.

आता बारा राहिलीत. या वेळी मी रविवारची वाट बघणार नाही.