डोंगरावरची अमानत

मँचेस्टरला बहिणीकडे गेले होते. एका रविवारी भाचा अदनान म्हणाला, “खाला, डोंगरात पडलेलं विमान बघायला येता का?” ग्लॉसॉपपर्यंत रेल्वे, पुढे ब्लीकलोच्या पठाराकडे पायी चढण. पायाखाली काळी, ओली माती आणि अंगावर धुकं.

जेम्सेस थॉर्न नावाच्या माथ्यावर लँकेस्टर जातीच्या बॉम्बफेकी विमानाचे वाकलेले पत्रे पडले आहेत. तिथेच एक स्मृतिशिला आहे. ८ मे १९४५ रोजी युरोपातलं युद्ध संपलं. त्यानंतर दहा दिवसांनी, १८ मेला, सरावाच्या उड्डाणात हे विमान इथे आदळलं आणि कॅनडाच्या हवाई दलाचे सहा जवान गेले. ‘आता मुलगा घरी येणार’ म्हणून त्यांच्या आयांनी देवाचे आभार मानले असतील.

अदनानने पत्र्याचा एक तुकडा पिशवीत टाकला. मी म्हटलं, “बेटा, असे अवशेष न्यायला इथल्या कायद्याने मनाई आहे. कायदा नसता तरी ही त्या आयांची अमानत आहे.” त्याने मुकाट्याने तुकडा होता तिथे ठेवला.

जॅकेट अंथरून आम्ही जोहरची नमाज अदा केली. दुआसाठी हात उचलले आणि एवढंच मागितलं : या अल्लाह, कुठल्याही आईची वाट पाहणं वाया जाऊ देऊ नकोस.