माळ्यावरचा

दिवे मालवले की कोकणातल्या कौलारू घराचा माळा जागा होतो. वाशांवरून खुडखुड ऐकू येते. काळा उंदीर निघालेला असतो. नाव काळा, पण आपल्याकडे तो बहुधा तपकिरीच दिसतो. अंगानं सडपातळ, कान मोठे नि पातळ, शेपूट धडाहून लांब. तोल सांभाळते ती हीच शेपूट; तिच्या जोरावर तो दोरीवरून, विजेच्या तारेवरून, माडाच्या खोडावरून बिनधोक जातो. शेंड्यावर पोचला की कोवळ्या नारळांना भोकं पाडतो. म्हणून तर बागायतदार खोडाला पत्र्याचा पट्टा ठोकतात.

स्वभावानं तो संशयी. नवी वस्तू दिसली की वळसा घालतो. भिंतीला मिशा घासत नेहमीच्या वाटेनं जाणं त्याला पसंत. त्याला ओळखणारी माणसं पिंजरा आधी नुसताच उघडा ठेवतात, आत सुकं खोबरं घालतात आणि तो सरावला की मगच चाप लावतात. त्याचे पुढचे दात जन्मभर वाढतात, त्यामुळे कुरतडणं थांबत नाही: कणगी, साबण, वायर, काहीही. मादी तीन आठवड्यांत विते आणि पिल्लं काही महिन्यांत स्वतः विण्याजोगी होतात.

याच उंदराचं नाव प्लेगशीही जोडलेलं आहे. १८९६ मध्ये मुंबईत, धान्याच्या वखारींनी भरलेल्या मांडवीत, डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. ही साथ पुण्यात पोचली. तिथं रुग्णांची सेवा करताना १८९७ मध्ये सावित्रीबाई फुले गेल्या. १८९८ मध्ये संशोधक पॉल-लुई सिमाँ यांनी कराचीत दाखवून दिलं, की रोग उंदरांवरच्या पिसवांतून माणसांत येतो. उंदीर मेला की त्याच्या अंगावरची उपाशी पिसू दुसरं रक्त शोधते. प्लेगनं आधी त्यालाच मारलं, मग आपल्याला.

तो परका नाही. त्याचं मूळ याच उपखंडातलं. इथूनच माणसाच्या जहाजांतून तो जगभर गेला. जिथं आपण धान्य साठवलं, तिथं तो आला. औषधानं चार मेले, तरी पोतं उघडं असेल तोवर उरलेले त्यांची जागा भरून काढतात. म्हणून धान्याला घट्ट झाकणाचे डबे हवेत, कौलांखालच्या फटी बुजवायला हव्यात, छपरावर टेकलेल्या फांद्या तोडायला हव्यात. घरात किती उंदीर राहणार, हे आपण किती उघडं ठेवतो यावर ठरतं.