वैलावरची कोंबडी

भाची न्यू जर्सीहून आली तेव्हा तिच्या बॅगेत चॉकलेटांच्या जागी कपड्यांत गुंडाळलेलं एक धूड निघालं. चिनी मातीचं जाडजूड लंबगोल भांडं, त्यावर काचेचं झाकण, खाली विजेची शेगडी. "मामी, सकाळी सगळं आत टाकायचं आणि संध्याकाळी जेवायला बसायचं. मध्ये बघायचंसुद्धा नाही."

माझी महाडला खानावळ आहे. एमआयडीसीत जाणाऱ्या पोरांचे डबे भरते, आठवड्यातून तीन वार चिकन असतं. इतकी वर्षं जेवण करते, पण मध्ये न बघता केलेलं एकही आठवत नाही.

पहिलं विघ्न विजेचं. अमेरिकेत घराघरांत १२० व्होल्ट, आपल्याकडे २३०. तसंच लावलं असतं तर जवळजवळ चौपट ताकदीने तापून त्याने तिथेच राम म्हटला असता. मुलाने विटेएवढा ट्रान्सफॉर्मर आणून जोडला. तो चालू असेपर्यंत भुंग्यासारखा गुणगुणतो. सगळं लटांबर फळीवर चढवलं, कारण २०२१ च्या जुलैतल्या पुरानंतर आमच्याकडे विजेची कुठलीच वस्तू जमिनीलगत राहत नाही. त्या पाण्यात माझे दोन मिक्सर आणि फ्रीज गेले.

दुसरं विघ्न घरचं. आमच्याकडे खाणारी माणसं सहा आणि तऱ्हा सात. सासूबाई ब्रॉयलरला कोंबडी मानतच नाहीत, 'कापूस' म्हणतात. ह्यांना रश्श्यावर तवंग दिसल्याशिवाय भाकरी मोडवत नाही. मुलाला तंगडी लागते, सुनेला हाड नको. नातवाला तिखट चालत नाही आणि चिकनमध्ये गोडही चालत नाही, म्हणून त्याच्या तऱ्हा दोन. मी दिवसभर चाखून चाखून इतकी भरलेली असते की मला फक्त रस्सा-भात लागतो, पण तो माझ्या मनासारखा हवा.

भाचीने दिलेली पाककृती तिकडे घरोघरी चालते म्हणे. मध, सोया सॉस, केचप आणि ठेचलेला लसूण एकत्र करायचं, चिकनवर ओतायचं, झाकण लावायचं, चार तास विसरायचं. घरात मध होता तो मांघरचा. आंबेनळी घाट चढून गेलं की महाबळेश्वर तालुक्यात हे गाव आहे, २०२२ साली देशातलं पहिलं 'मधाचं गाव' म्हणून ते जाहीर झालं. ती बाटली सासूबाईंच्या खोकल्यासाठी आणलेली. मी अर्धी वाटी ओतली तेव्हा त्या काहीच बोलल्या नाहीत, फक्त उठून बाहेर ओटीवर जाऊन बसल्या.

चार तासांनी झाकण उचललं. काचेला आतून लागलेलं पाणी धारेने परत भांड्यात पडलं. तपकिरी पाण्यात फिकट तुकडे तरंगत होते. मी तंगडीचं हाड धरलं, तर हाड हातात आलं आणि मांस खाली राहिलं. वास वाईट नव्हता, पण तो चायनीजच्या गाडीवरचा होता, आमच्या घरातला नव्हता. नातू म्हणाला, "आजी, हे गोड आहे." हे भाकरीचा तुकडा हातात धरून बराच वेळ वाटीत बघत राहिले. सुनेने मात्र दोनदा घेतलं. हाड आपोआप सुटतंय म्हटल्यावर तिला स्वर्गच. सहांत एक मत. निवडणुकीत अनामत रक्कम गेली असती.

पण मला चुटपुट लागली. भांडं वाईट नव्हतं, त्याच्यात घातलेली कोंबडी आणि माझी समज चुकली होती.

अशा भांड्यात वाफ बाहेर जात नाही, म्हणून पाणी आटत नाही. उष्णता उकळीच्या अलीकडे-पलीकडे घुटमळते, म्हणून आत काही भाजलं जात नाही. कांदा-खोबऱ्याचा जो खमंगपणा आपण रश्श्यात शोधतो तो कोरड्या भाजण्यातून येतो. वाफेत त्याची आशाच करू नये. आणि ब्रॉयलर जेमतेम चाळीस दिवसांचा. त्याच्या सांध्यांत, कातडीखाली विरघळायला असं फारसं काही जमलेलं नसतं. गावठी, अंडी द्यायची थांबलेल्या कोंबडीची गोष्ट वेगळी. तिचे चिवट धागे मंद आचेवर तासन् तास राहिले की विरघळून जिलेटिन होतात आणि रस्सा ओठाला किंचित चिकटतो. कुकरच्या सहा शिट्ट्यांत ती शिजते खरी, पण माझ्या मते रस्सा आणि मांस एकमेकांना ओळख देत नाहीत.

हे सगळं मला नवीन नव्हतंच. माझं माहेर पोलादपूरच्या वरच्या अंगाला, घाटाच्या पायथ्याशी. आईच्या चुलीला वैल होता. वैलाखाली वेगळं लाकूड घालायचं नसतं. चुलीतला उरलासुरला जाळ आतल्या भोकातून तिकडे जातो. लावणीच्या दिवसांत आई जुनी कोंबडी हळद-मीठ लावून टोपात घालायची, चुलीवर एक उकळी आणायची आणि टोप वैलावर सरकवायची. वर ताटली, ताटलीत पाणी. मग शेतावर. दुपारी आली की ताटलीतलं कढत पाणी टोपात ओतायची, ताटलीत नवं घालायची, टोपाला कान लावायची आणि परत जायची. कान का लावते असं विचारलं तर म्हणायची, "बोलतेय का बघते."

भाचीने मोबाईलवर दाखवलं, हे विजेचं भांडं अमेरिकेत अर्व्हिंग नॅक्सन नावाच्या माणसाने काढलं, १९४० साली त्याला पेटंट मिळालं. त्याची आई लिथुआनियाकडच्या ज्यू घरातली. तिकडे शनिवारी विस्तव पेटवायचा नाही, म्हणून बायका शुक्रवारी घेवड्याच्या दाण्यांचं भांडं गावातल्या भट्टीत ठेवायला द्यायच्या. भट्टी निवत जायची तसं ते रात्रभर शिजायचं. ती आठवण आईने लेकाला सांगितली आणि त्यातून त्याला हे सुचलं. १९७१ मध्ये 'क्रॉक-पॉट' नावाने ते बाजारात आलं आणि घरोघरी पोचलं. सासूबाईंना सांगितलं तेव्हा त्या पहिल्यांदा भांड्याजवळ आल्या. म्हणाल्या, "म्हणजे वैलच की."

पुढच्या खेपेला माहेराहून दोन वर्षांची कोंबडी आणली. हळद, मीठ, आलं-लसूण, बोटभर पाणी. आधी गॅसवर उकळी, मग रात्री अकराला या वैलावर. सकाळी झाकण उघडलं तर पाणी बोटभराचं दोन बोटं झालेलं आणि वर पिवळी चरबी, सोन्याच्या टिकल्यांसारखी. हाड सुटलं नव्हतं, पण ओढलं तर येत होतं. आधी वाटीभर अळणी बाजूला काढली, मिरपूड भुरभुरवून नातवाला दिली. मग कढईत कांदा-खोबऱ्याचं वाटप परतलं, परतलं, तेल सुटेपर्यंत परतलं; घरचा मसाला, मग तुकडे, आणि अळणी थोडी थोडी करत आटवली. पाऊण तास गॅससमोर उभीच होते. म्हणजे भाचीने जे वाचवायचं म्हणून आणलं ते वाचलं नाहीच.

नातवाने वाटी चाटली. ह्यांनी तवंग बघितला आणि भाकरी मोडली. मुलाने दुसरी तंगडी आईच्या, म्हणजे माझ्याच ताटातून उचलली. सून म्हणाली, "पहिलं बरं होतं." सासूबाईंनी मानेचं हाड शेवटपर्यंत चोखलं आणि ताटाच्या कडेला ठेवताना म्हणाल्या, "हां. ही कोंबडी."

मग मला मस्ती आली. गटारीला खास गावठी रस्सा देते असं डबेवाल्या पोरांना कबूल केलं आणि अमावास्येच्या आदल्या रात्री चार कोंबड्या लावल्या. अर्ध्या भाचीच्या वैलात, अर्ध्या उसन्या आणलेल्या दुसऱ्या भांड्यात. बाहेर आषाढ कोसळत होता. पहाटे चारला जाग आली ती आवाजाने नाही, आवाज नसल्याने. ट्रान्सफॉर्मर गप्प होता. लाईट कधी गेली कोणास ठाऊक. बोट बुडवून बघितलं, कोमट. बाळाला आंघोळ घालावी इतकं.

कोमट चिकन किती तास तसं पडलं होतं ते कळायला मार्ग नव्हता. सासूबाई म्हणाल्या, उकळी आण, काही होत नाही. पण जंतूंनी एकदा विष सोडलं की ते सगळंच काही उकळीने जात नाही, आणि तीसेक पोरं तो डबा घेऊन बॉयलरपाशी, मशीनपाशी उभी राहणार. घरच्यापुरतं असतं तर कदाचित मीही मोह धरला असता. नारळाच्या बुडाशी खड्डा काढून चारही कोंबड्या पुरल्या. सासूबाई दिवसभर माझ्याशी बोलल्या नाहीत. मी सातला ब्रॉयलर आणला, कुकर लावला, वाटप सढळ घातलं. संध्याकाळी डबे धुवायला आले ते चाटून पुसून रिकामे. गावठीचं काय झालं असं एकानेही विचारलं नाही. ते मात्र जरा लागलं.

आता मी भांडं सहसा दिवसाच लावते, फक्त अळणीसाठी. रात्री लावायचं झालंच तर ते सासूबाईंच्या खोलीतल्या फळीवर असतं. त्यांना तशीही झोप नसते. परवा बाराच्या सुमारास पाणी प्यायला उठले, तर अंधारात त्या फळीशी उभ्या, भांड्याच्या बाजूला कान लावून.

"आई, झोपा आता."

"थांब गो," त्या म्हणाल्या, "बोलतेय."