सात पौंड हवा

मियाटा ही वेगवान गाडी नाही, हे तिचे भक्तच आधी सांगतात आणि वर अभिमानाने सांगतात. फेब्रुवारी १९८९ मध्ये शिकागोच्या मोटार प्रदर्शनात माझदाने ही दोन सीटांची, उघड्या टपाची गाडी पहिल्यांदा दाखवली. १.६ लिटरचं इंजिन, ११६ अश्वशक्ती, वजन टनाच्या आतबाहेर. वळणावर तिच्यासारखं सुख नाही. पण डेट्रॉईटच्या आसपास वळण शोधावं लागतं! इथले रस्ते पट्टीने आखलेले, आणि रॅम्पवरून हायवेला लागताना आरशात अठरा चाकी ट्रक मोठा होत चालला की ११६ घोडे फार थोडे वाटतात. माझ्या १९९० च्या मियाटाला टर्बो, म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा, लावायचं ठरलं ते या रॅम्पांपायी.

माझी उमेदवारी पुण्यात डिझेल इंजिनांवर झाली. डिझेलला टर्बो मानवतो, कारण ते नुसती हवा दाबतं आणि इंधन शेवटच्या क्षणी फवारतं. माझ्या गाडीचं पेट्रोल इंजिन हवा आणि पेट्रोल एकत्रच दाबणारं. त्यात दाब आणि उष्णता हद्दीबाहेर गेली की ज्योत पोचायच्या आधीच कोपऱ्यातलं मिश्रण आपणहून भडकतं. याला नॉकिंग म्हणतात. पत्र्याच्या डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज येतो आणि पिस्टनची कड कुरतडली जाते. मियाटाचं कॉम्प्रेशन ९.४ ला १. याच घराण्यातलं इंजिन माझदाने ३२३ जीटीएक्समध्ये टर्बोसह दिलं तेव्हा कॉम्प्रेशन ७.९ वर आणलं होतं. कारखान्याने पिस्टन बदलले. मी इंजिन न उघडता काम भागवणार होतो. म्हणजे दाब बेताचा ठेवणं आलं.

या पेचाची मिशिगनला जुनी ओळख आहे. लॅन्सिंगच्या ओल्ड्समोबिलने १९६२ मध्ये जेटफायर ही टर्बोवाली गाडी बाजारात आणली. कॉम्प्रेशन तब्बल १०.२५. नॉकिंग रोखायला त्यांनी डिस्टिल्ड पाणी आणि मिथेनॉल यांचं मिश्रण इंजिनात सोडलं आणि त्याला ‘टर्बो रॉकेट फ्लुइड’ असं भारदस्त नाव दिलं. त्याची वेगळी टाकी भरत राहायला गिऱ्हाइकांना आठवेना. शेवटी कंपनीने कित्येक गाड्यांचे टर्बो उतरवून साधे कार्ब्युरेटर लावून दिले. मला यात त्या गिऱ्हाइकांची चूक वाटत नाही. गाडी वापरणाऱ्याने रोज रसायनशास्त्र का सांभाळावं?

मी टर्बोचा जादा दाब, म्हणजे बूस्ट, सात पौंडांवर थांबवायचं ठरवलं. वातावरणाचा दाब चौरस इंचाला १४.७ पौंड, त्यावर सात म्हणजे जवळजवळ दीडपट. पण दाबलेली हवा तापते. बाहेर २७ अंश असेल तर टर्बोतून निघताना ती पंचाहत्तरीला पोचते. तापलेली हवा विरळ असते आणि नॉकिंगला आमंत्रणही देते. म्हणून रेडिएटरच्या पुढे इंटरकूलर.

खरी कटकट तेलाची. टर्बोचा दांडा मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो, तो तेलाच्या पातळ थरावर तरंगत. तेल आत जातं ते दाबाने, परत येतं ते केवळ उताराने, त्यामुळे परतीच्या नळीसाठी ऑइल पॅनला वरच्या बाजूला भोक पाडावं लागतं. मियाटाचा पॅन सहज निघत नाही, खालचा क्रॉसमेंबर आडवा येतो. शेजारी एक आजोबा राहतात, उभा जन्म इंजिन कारखान्यात घालवलेले. त्यांनी युक्ती सांगितली: ड्रिलला ग्रीस फासायचं, म्हणजे कीस चिकटून राहतो, आणि इंजिनात हळूच हवा सोडत राहायचं, म्हणजे उरलेला कीस बाहेरच उडतो. भोक पडेपर्यंत मी गाडीखाली श्वास रोखून पडलो होतो. नंतर तेल ओतून वाहून जाऊ दिलं, तेव्हा कुठे फिटिंग बसवलं.

बाबा एसटीच्या दापोडी कार्यशाळेतून निवृत्त झाले. व्हिडिओ कॉलवर त्यांना बिडाचा नवा मॅनिफोल्ड दाखवला, तर ते म्हणाले, “नट सैल होतात बघ तिथले. लाल होऊन गार होणारं लोखंड नट धरून ठेवत नाही. लॉक वॉशर टाकलेस का?” टाकले होते. “आणि गाडी आणून लगेच किल्ली फिरवू नकोस, दोन मिनिटं आयडल राहू दे.” माझा टर्बो पाण्यानेही थंड होतो, त्याला एवढी गरज नाही, हे मी त्यांना सांगितलं नाही. आयडल ठेवतो.

पहिल्यांदा चालू करण्याआधी इंजिनामागच्या कॅम सेन्सरचा कनेक्टर काढून नुसतं स्टार्टर मारलं. ठिणगी नाही, पेट्रोल नाही. फक्त तेल टर्बोपर्यंत चढलं पाहिजे. मग कनेक्टर लावला. इंजिन लागलं, थोडा धूर झाला तो नव्या भागांवरच्या तेलकटपणाचा. टर्बोचा आवाज मात्र काहीच नाही. गल्लीत उभ्या गाडीत बूस्ट कुठून येणार?

नळ्यापाने ठेवल्यावर लॅपटॉप आला. मूळ गाडीत हवा मोजायला झोताने उघडणारी झडप असते. ती पुरती उघडली की त्यापुढे कितीही हवा आली तरी संगणक आंधळाच. म्हणून झडप काढून दाब मोजणारा सेन्सर, मोठे इंजेक्टर आणि मेगास्क्वर्टचा वेगळा संगणक, म्हणजे ईसीयू, लावला. पेट्रोलच्या एका भागाला हवेचे १४.७ भाग लागतात, पण बूस्टखाली मुद्दाम जास्त पेट्रोल देऊन ते प्रमाण साडेअकराच्या आसपास आणायचं, आणि दर पौंडामागे ठिणगी अंदाजे एक अंश उशिरा द्यायची. हे तक्त्यात भरायचं, रिकाम्या रस्त्यावर जाऊन यायचं, नोंदी बघायच्या, एखाद्या चौकटीतला आकडा किंचित बदलायचा. ९३ ऑक्टेन इथे पंपावरच मिळतं, ही मोठी सोय. बायको म्हणाली, “तू गाडी चालवतोस की हिशेब लिहितोस?”

मिशिगनमध्ये दरवर्षी धूरतपासणी नसते. कॅटलिटिक कन्व्हर्टर मी तरीही ठेवला आहे. आपल्याकडे इंजिनाला असा हात लावला तर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आडवं येतं, आणि त्यामागचं कारण मला पटतं.

आता रॅम्पवर तीन हजार फेऱ्यांनंतर पाठीला हात लागतो आणि ट्रक आरशात लहान होतो. तरी गाडी सुधारली असं मी म्हणणार नाही, ती वेगळी झाली. पूर्वी पाय आणि इंजिन यांच्यात अंतरच नव्हतं. आता वळणाच्या मध्यावर जे हवं ते थोडं आधी मागावं लागतं, आणि फार आधी मागितलं तर मागची चाकं घसरायला लागतात. ओल्या रस्त्यावर मी अजूनही जपून असतो.

सध्या चिंता डिफरन्शियलची आहे. १.६ च्या गाड्यांना ते लहान दिलेलं, या ताकदीला नाजूक. १९९४ नंतरच्या १.८ मधलं मोठं, टॉर्सनवालं भंगार अड्ड्यात सापडतंय का ते पाहतोय. आजोबांनी एक ठिकाण सांगितलंय. शनिवारी त्यांनाच घेऊन जाणार आहे, भाव तेच करतील.