कार्मिलाच्या दातांची गोष्ट

चि. सई,



तुमच्या वाचनगटाला क्वीअर भयकथा आणि अद्भुतकथा वाचायच्या आहेत, सुरुवात कुठून करावी, असं तू विचारलंस. सुरुवात तुझ्या डब्लिनातूनच होते. मेरियन स्क्वेअरमध्ये शेरिडन लेफान्यू हा लेखक राहत असे. १८५८ साली बायको वारली आणि त्याने हळूहळू माणसांत मिसळणंच सोडलं. लोक त्याला ‘अदृश्य राजपुत्र’ म्हणू लागले. त्याची ‘कार्मिला’ ही पिशाच्चकथा १८७१-७२ मध्ये लंडनच्या एका मासिकात क्रमशः आली. ब्रॅम स्टोकरचा ‘ड्रॅक्युला’ यायला तेव्हा पाव शतक अवकाश होता.

ऑस्ट्रियातल्या स्टायरिया प्रांतात, रानातल्या गढीवर लॉरा वडिलांबरोबर राहते. एका रात्री गढीसमोर घोडागाडी उलटते आणि गाडीतली देखणी मुलगी, कार्मिला, पाहुणी म्हणून राहते. दोघींचा जीव एकमेकींवर जडतो. कार्मिला लॉराचा हात हातात घेते, तिला जवळ ओढते, प्रेम उघड बोलून दाखवते. लॉराला ती हवीहवीशी वाटते आणि तिची भीतीही वाटते.

यातले दोन प्रसंग सावकाश वाचा. एक कुबडा फेरीवाला पिशाच्चाला दूर ठेवणारे ताईत विकायला येतो. खिडकीतल्या कार्मिलाचा सुळ्यासारखा दात त्याच्या नजरेस पडतो आणि तो भाबडेपणाने म्हणतो, घासून बोथट करून देतो! ती संतापते. दुसरा प्रसंग जुन्या तसबिरींचा. साफ होऊन आलेल्या एका काळवंडलेल्या चित्रात हुबेहूब कार्मिला दिसते, गळ्यावरच्या तिळासकट. कोपऱ्यात नाव मिरकाला, साल १६९८. लॉरा घाबरत नाही; ते चित्र आपल्या खोलीत लावायला मागते.

शेवटी वडीलधारे पुरुष कार्मिलाची कबर उघडतात, छातीत खुंटी ठोकतात, शीर कापतात, देह जाळून राख नदीत सोडतात. दोन मुलींचं प्रेम त्या काळी छापलं गेलं, पण प्रेम करणारीला पिशाच्च ठरवून आणि अखेरीस संपवून. तरीही लेफान्यूने कहाणी सांगायला लॉराच निवडली, आणि तिला कार्मिलाचा विसर पडत नाही. या पुस्तकाचं मोठेपण तिथे आहे.

यानंतर लगेच ज्युएल गोमेझ या कृष्णवर्णीय अमेरिकन लेखिकेची ‘द गिल्डा स्टोरीज’ (१९९१) घ्या. १८५० च्या लुइझियानात गुलामीतून पळालेली मुलगी रक्तपिपासू होते आणि कथा थेट २०५० पर्यंत जाते. इथे रक्त घेणं ही देवाणघेवाण आहे: गिल्डा माणसाला मारत नाही, त्याच्या मनात डोकावते आणि मोबदल्यात त्याला एखादी उमेद, एखादं स्वप्न देऊन जाते. तिच्याभोवती जमलेलं कुटुंबही तिने स्वतः निवडलेलं आहे. कार्मिलाला जे जगणं नाकारलं, ते गिल्डाला मिळतं.

तिसरं पुस्तक आपल्याकडचं: इंद्रप्रमित दास यांची ‘द डिव्हाउरर्स’. कोलकात्यात इतिहासाचे प्राध्यापक आलोक यांना एक अनोळखी माणूस भेटतो, मी अर्धा वृकमानव आहे म्हणतो आणि जुनी हस्तलिखितं उतरवून काढायला देतो. त्यांतून शाहजहानच्या काळातले नरभक्षक रूपपालटे बाहेर येतात. आलोक आणि त्या अनोळखी माणसातली ओढही पानोपानी वाढत जाते. कादंबरी २०१५ साली भारतात आली, तेव्हा समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं कलम ३७७ लागू होतं. तो गुन्हा नाही, हा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल २०१८ चा. कादंबरीत बलात्कार आणि हिंसेची वर्णनं आहेत, गटाला आधी कल्पना दे.

याच क्रमाने वाचलंत तर चर्चा रंगेल. ‘कार्मिला’ छोटी आहे, एका बैठकीत होते, आणि स्वामित्वहक्क संपल्यामुळे फुकटही मिळते. एखादीला भीतीपेक्षा राज्यं, मंदिरं, जादू हवी असेल, तर ताशा सुरी यांची ‘द जॅस्मिन थ्रोन’ सुचव. तिच्यात राजकन्या आणि दासीचं प्रेम आहे, जगही भारतीय वळणाचं आहे. चर्चेत कोण कोणाच्या बाजूने बोललं, ते सविस्तर कळव.

तुझी,
आत्या